नकाशासाठी रिकामी जागा

फॉर्मवर विचारतात : घर क्रमांक, रस्त्याचं नाव.
एलव्हायरा मेनीगोट्सकडे दोन्ही नाहीत.
दार आहे, उगवतीकडे तोंड करून,
धुराडं आहे, एकवीस मेंढ्या आहेत,
आणि एक कुत्रा, जो माझ्या पिकअपच्या चाकांवर
अजून भुंकतोय.

खाली एक चौकोन सोडलाय, काडेपेटीएवढा :
पत्ता नसल्यास नकाशा काढा.

डेल्फीन तिला नवाहोत समजावते.
मलाही यायला हवी होती ही भाषा, आजीकडून.
शाळेत बोलली म्हणून आजीच्या तोंडात साबण कोंबला होता,
मग तिनं ती पुढे कुणालाच दिली नाही.
म्हणून मी नुसती हसते
आणि सहीच्या जागेवर बोट ठेवते.

सकाळपासून तेरा घरं. चार कुलुपं. एक शिवी.
एका घरी मटणाचा रस्सा, तळलेली भाकरी,
बस गं पोरी, अजून घे,
सही मात्र नाही.
'मत देऊन काय होतंय? पाणी अजून पिंपातूनच आणतोय.'
प्रशिक्षणात याचं उत्तर दिलं होतं, छापील.
त्या निळ्या पिंपासमोर उभं राहून
ते तोंडातून निघेना.

एलव्हायरा चष्मा पुसते.
आधी काढते पवनचक्की.
एक पातं मोडलेलं आहे, तेही मोडकंच काढते.
मग ओढा, कोरडा, म्हणून तुटक रेघेचा.
मग ते वळण, जिथं भावाचा ट्रक उलटला.
तिथं पेन जरा थांबतं.
घराची वेळ येईतो चौकोन संपतो.
ती घर बाहेर काढते, समासात,
'येथे सही करा'च्या अगदी अंगावर.
मेंढ्या नकोत आजी, डेल्फीन म्हणते.
तरी तीन ठिपके देतेच.

तीन आठवड्यांनी फॉर्म परत.
शिक्का : ठिकाण निश्चित करता आले नाही.
एकशे दहा मैलांवरच्या कचेरीत
कुणीतरी ते फक्त चौकोनात शोधलं असणार.

पुन्हा गेलो.
पेट्रोल डेल्फीनच्या पगारातलं,
शिव्या माझ्या, सगळ्या इंग्रजीत.
या खेपेला फोनवरून अक्षांश-रेखांश उतरवले.
एलव्हायरानं तो आकडा लांब धरून पाहिला :
'एवढा मोठा? आणि यात वळण कुठंय?'
मग त्याच्याखाली पुन्हा तीच पवनचक्की.

नोव्हेंबरात बर्फ पडायचा तो चिखल पडला.
पिकअप दोनदा रुतली.
ती मधल्या सीटवर, चांदीच्या गुंड्यांचा मखमली पोलका घालून,
मांडीवर रिकामी पर्स,
वाटभर एक शब्द नाही.
सभागृहात टेबलामागची पोरगी यादीवरून बोट फिरवत गेली,
एक पान, दोन पानं,
माझ्या पोटात गोळा,
'हं. आहे.'
एलव्हायरानं काहीतरी विचारलं.
पोरगीला कळलं नाही, ती म्हणाली, हो हो.
बाहेर आल्यावर डेल्फीननं सांगितलं :
मेंढ्यासुद्धा आहेत का तिथं, असं विचारत होती.

निवडून कोण आलं ते सांगत नाही.
पिंप अजून तिथंच आहे.

हिवाळ्यात वारं सुटलं आणि पवनचक्की आडवी झाली.
वसंतात आम्ही पुन्हा त्याच दारात,
तिचा नातू टेरेल अठराचा झालाय.
तोच फॉर्म, तोच काडेपेटीएवढा चौकोन.
पोरगा बसतो आणि आधी
पवनचक्की काढतो, पाती नीट मोजून.
अरे पण ती पडली ना, मी म्हणते.
तो मान वर करत नाही.
'पडली. पण वळायचं तिथंच.'